हरकत कायम ठेवून

नोटीस मीच टाईप केली होती.
‘निचरा क्षेत्राची हद्द वाढविण्याचे प्रस्तावित असून
ज्या कोणाची हरकत असेल त्याने तीस दिवसांच्या आत’…
तीसच्या जागी आधी तेरा पडलं होतं.
साहेबांनी लाल गोल केला, बोलले काही नाहीत.

एक प्रत चावडीच्या दाराला, एक सोसायटीच्या फळ्यावर,
एक दूध संस्थेत, फॅट लावतात त्या खिडकीशेजारी.
वाचली सगळ्यांनी ती तिसरी.

जुनी हद्द ओढ्याच्या अलीकडे थांबायची.
चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी
जाड पेन्सिलीनं नकाशावर रेघ मारली.
त्या रेघेची जाडी रानात मोजली तर साठ फूट भरते,
आणि त्या साठ फुटांत, ओढ्याकडेनं लांबट,
अक्काताई मगदूमची तीस गुंठे.
पांढरीफटक. लव्हाळ्याशिवाय उभं राहत नाही काही.

पलीकडे, हद्दीच्या आत, जमिनीखाली भोकाच्या नळ्या,
बांधाच्या टोकाला सिमेंटची टाकी.
अक्काताईनं अर्जात फक्त एवढंच लिहून घेतलं:
‘त्यांच्या टाकीत पाणी पडतंय,
रातचं ऐकू येतंय मला.’

सुनावणी गुरुवारी. ग्रामपंचायतीचा पंखा
दर फेऱ्याला एकदा कण्हणारा.
अकरा गटांपैकी दहा गटांच्या सह्या, दोन अंगठे.
उरला गट तीनशे अठ्ठ्याऐंशी,
पायगोंडा चौगुले, वरच्या अंगाची काळी.
‘माझ्या रानात मीठ न्हाई.
मग मी हद्दीत कशाला, आणि वर्गणी कशाची?’

साहेबांनी कलम वाचून दाखवलं.
वरचं पाणी खाली मुरतं, म्हणून वरचाही लाभधारक,
असं काहीसं, पोटकलमासह.
‘कलम आंब्याचं करतात साहेब.
मला रानात दावा.’

म्हणून स्थळपाहणी.
शिरपानं गिरमिट लावलं, आम्ही पाचजण गोल उभे,
पंच म्हणून मुजावरांचा दिलावर, जेवण अर्धं टाकून आलेला.
एक फूट काळी. दोन फूट काळी.
तिसऱ्याला पिवळट, चिकट.
चौथ्याला आवाज बदलला.

गिरमिट वर काढलं.
भोकाच्या तळाशी आधी नुसता ओलावा,
मग रुपयाएवढं आभाळ,
मग ते आभाळ हळूहळू वर यायला लागलं.
कुणीच काही म्हणेना.
शेजारच्या सरीत ऊस कानाएवढा झालेला, हिरवागार,
त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

पायगोंडा उकिडवे बसले.
हात खांद्यापर्यंत आत घातला,
बोट जिभेला लावलं, आणि थुंकले नाहीत.

बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘लिवा.
हरकत कायम.’
मी लिहिलं.
‘आणि मोठी नळी माझ्या बांधानं न्या.
अक्काच्या रानाला उतार तिकडनंच मिळतोय.’

साहेब म्हणाले, दोन्हीतलं एक सांगा.
‘दोन्ही सांगितलं की.
मला न इचारता रेघ मारली, त्याची हरकत.
नळीला कोण न्हाई म्हणतंय?’

आमच्या तक्त्यात दोन रकाने आहेत,
हरकत आणि संमती,
मध्ये एक उभी रेघ.
मी त्या रेघेवरूनच लिहिलं, आडवं,
अक्षर बारीक करून, कागद संपेपर्यंत.

परवा जिल्ह्याहून फाईल परत आली.
समासात शेरा: ‘अर्थबोध होत नाही.
सात दिवसांत खुलासा सादर करावा.’

आज पाचवा.
चतुःसीमा टाईप करून ठेवल्यात:
पूर्वेस ओढा ओलांडून पाणंद, दक्षिणेस गट तीनशे एक्क्याण्णव.
खुलाशाचा कागद मशीनला तसाच लावलेला.

शिरपा सांगत होता,
त्या भोकावर पायगोंडांनी
फुटकी बादली पालथी घालून वर दगड ठेवलाय.
कुणाचं तरी करडू पाय अडकवून घ्यायचं, म्हणतात.
रोज सकाळी दगड काढून
आत वाकून बघतात मात्र.